पाळण्याची वही

ग्रामपंचायतीची मासिक सभा. विषय क्रमांक सात, ‘जत्रेत मनोरंजनाची साधने लावण्यास ना हरकत देणेबाबत.’ ग्रामसेवक वाचतायत, आम्ही नऊ सदस्य ऐकतोय, आणि नवांतल्या निदान पाच जणांचं लक्ष चहा आला का याकडे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. सदस्य म्हणून पाच वर्षांत मी अशा पाच ठरावांवर सही केली. त्यांतल्या एकाही सहीच्या आधी मी तो पाळणा पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? आमची सही व्हायची तेव्हा तो दुसऱ्याच गावात फिरत असायचा.

चौथ्या वर्षी रात्री साडेनऊच्या सुमारास पाळणा अडकला. चाकाच्या कडेवरून फिरणारी वायर खोबणीतून निसटली आणि भरलेलं चाक जरा मागेपुढे होऊन जागच्या जागी थांबलं. वर माणसं, खाली त्यांची माणसं. कर्ण्यावरचं गाणं कुणीतरी बंद केलं आणि मग वरची मुलं रडतायत ते ऐकू आलं. चाळीस मिनिटं लागली. गावातल्या दहाबारा पोरांनी पाळणेवाल्यांबरोबर चाकाला हात घातला आणि एकेक डबा ओढून खाली आणला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आमच्या आळीतली एक सून तिच्या मुलाला घेऊन उतरली तेव्हा तिचा पदर डब्याच्या आडव्या दांडीला बांधलेला होता. दांडीची पिन वरच निघून पडली होती. तिनं पदराची गाठ मारून दांडी धरून ठेवली होती आणि ती गाठ तिलाच सोडवता येईना, इतकी आवळली गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी फाइल मागवली. तीत पाळण्याच्या तपासणीचा दाखला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीतली झेरॉक्सची झेरॉक्स. दाखल्यावर डबे सोळा. मी मैदानावर जाऊन मोजले, बारा. पुन्हा मोजले. बाराच.

त्यानंतरच्या ग्रामसभेत दोन पक्ष पडले. एक म्हणाला, पाळणा कायमचा बंद करा. देवाच्या जत्रेत हे खेळ हवेत कशाला, कुणी दगावलं असतं म्हणजे? दुसरा म्हणाला, काही झालं नाही ना, मग कशाला वाढवता, पाळण्याशिवाय जत्रेला माणूस येत नाही. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या. त्या दाखल्यावरच्या सोळा डब्यांविषयी मात्र कुणी बोललं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं. पाळणा हवा की नको, एवढ्यावरच वाद फिरत राहिला आणि आजही फिरतो आहे. माझं म्हणणं असं की पाळणा हवाच आणि तो राहावा म्हणूनच त्याचा दाखला पाळण्याच्या अंगाला चिकटलेला हवा, गावोगावच्या फायलींत नको.

पाळणा हवाच, हे आधी सांगते, कारण बंदीवाल्यांना वाटतं की हा सगळा बाहेरून आलेला थिल्लरपणा आहे.

आमचं गाव अष्टागरातलं, म्हणजे अलिबाग-चौलच्या किनारपट्टीतलं. इथे जुनी माणसं आजही आकाशपाळणा म्हणत नाहीत, रहाटपाळणा म्हणतात. रहाट म्हणजे वाडीतल्या विहिरीवरचा. रेडा किंवा बैल गोल फिरायचा, लाकडी चाक फिरायचं, गाडगी भरून वर यायची, रिकामी होऊन खाली जायची. नारळी-पोफळीच्या आमच्या वाड्या या रहाटांवर जगल्या. गाडग्याच्या जागी माणूस बसवला की झाला पाळणा. ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्यांना ती वस्तू परकी वाटली नसणार. माझ्या लहानपणी जत्रेत चार डब्यांचा लाकडी पाळणा यायचा. दोन माणसं हातानं फिरवायची आणि फिरवता फिरवता शिव्या घालायची, आम्हाला नव्हे, एकमेकांना.

जगाच्या पाठीवरही गोष्ट अशीच सुरू होते. १६१५मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा रोमचा एक प्रवासी कॉन्स्टँटिनोपलला होता. तिथल्या सणाच्या दिवसांत तो अशा मोठ्या चाकात बसला आणि घरी पत्र लिहून कळवलं की इतक्या वेगानं वर-खाली जायला आपल्याला फार मजा आली. शेजारी बसलेल्या ग्रीक माणसाला मात्र ते सोसेना, तो ‘पुरे, पुरे’ असं ओरडायला लागला. चारशे वर्षांपूर्वीचं हे पत्र वाचताना मला आमच्या मैदानावरचा प्रत्येक नवरा दिसतो, बायकोच्या हट्टानं चढलेला आणि पहिल्या फेरीतच डोळे मिटून घेतलेला. गंमत म्हणजे हाच गृहस्थ पुढे १६२३मध्ये गोव्याकडे जाताना आमच्या चौलला येऊन गेला. आज त्याच चौलात दत्तजयंतीपासून पाच दिवस जत्रा भरते. त्याच काळातला दुसरा एक प्रवासी, पीटर मंडी हा इंग्रज, त्यानं १६२०मध्ये आताच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवला असाच पाळणा पाहून वर्णन लिहून ठेवलं आणि तोही पुढे सुरतेला आला. पाळणा अमेरिकेनं जगाला दिला असं जे सांगतात ते अर्धंच खरं आहे.

अर्धं खरं आहे, कारण लोखंड तिथलं. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला आणि चार वर्षांनी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा अमेरिकनांना त्याला उत्तर हवं होतं. ते जॉर्ज फेरिसनं दिलं. २६४ फूट उंच चाक, ३६ डबे, आणि डबा कसला, आपल्या एसटीएवढी खोली. एकेका डब्यात ६० माणसं. सगळे भरले तर २१६० माणसं एका वेळी हवेत. चाकाचा नुसता आस ४५ फूट लांब. तिकीट पन्नास सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रवेशाला जेवढे पडायचे तेवढेच पुन्हा. तरी २१ जून १८९३ला चाक सुरू झालं आणि प्रदर्शन संपेपर्यंत चौदा लाखांच्या आसपास माणसं त्यात बसली. त्याआधी विल्यम सोमर्सनं अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर पन्नास फुटी लाकडी चाकं लावलेली होती. आपली कल्पना चोरली म्हणून त्यानं फेरिसवर दावाही लावला, तो टिकला नाही. समुद्रकिनारा आणि पाळणा यांची जोडी तेव्हापासूनची आहे, हे आपलं जाता जाता.

फेरिसबद्दलची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस खेळणी बनवणारा नव्हता. पिट्सबर्गमध्ये त्याची कंपनी होती आणि तिचा धंदा होता रेल्वे आणि पुलांसाठी येणारं पोलाद तपासण्याचा. कारखान्यातून निघालेली तुळई खरंच सांगितलेलं वजन पेलेल का, हे बघून दाखला द्यायचा, हे त्याचं रोजचं काम. म्हणजे आधुनिक पाळण्याचा बाप तपासनीस होता. सायकलच्या चाकासारखं ताणलेल्या आऱ्यांवर एवढं ओझं तोलायचं धाडस त्यानं केलं ते लोखंडाचा नाद लागला म्हणून नव्हे. कुठलं लोखंड कुठवर टिकतं हे त्यानं हातानं तपासलेलं होतं. आम्ही नऊ जणांनी चहाच्या कपामागून जी सही ठोकली, तिच्या नेमकी उलट ही रीत.

बिचारा सुखी झाला नाही. १८९६मध्ये टायफॉइडनं गेला, वय ३७. चाक १९०४च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात एकदा पुन्हा फिरलं आणि १९०६मध्ये डायनामाइट लावून पाडलं. तेवढं प्रचंड चाक दरवेळी उतरवून न्यायचं हे कुणाला परवडणार? ते कोडं सोडवलं डब्ल्यू. ई. सलिव्हननं. तोही पूल बांधणाराच. फेरिसच्या चाकात बसून आल्यावर त्याच्या डोक्यातून ते जाईना. १९००मध्ये इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलला त्यानं असं चाक उभं केलं की जे खोलता येतं, गाडीवर लादता येतं आणि पुढच्या गावी जोडता येतं. आपल्या जत्रेतला पाळणा या चाकाच्या कुळातला आहे. याचा मोठेपणा उंचीत नाही, याच्या पिना निघतात यात आहे. आणि धोकाही नेमका तिथेच आहे. जे निघतं ते दरवेळी पुन्हा नीट बसलं पाहिजे.

आता एक प्रश्न मला तरुण मुलं विचारतात. दुबईला अडीचशे मीटरचं चाक झालं, मोबाइलवर सगळं जग दिसतं, मग आमच्या जत्रेतल्या पन्नाससाठ फुटी पाळण्यापाशी रांग का लागते?

एक कारण साध्या गणिताचं आहे. लंडनचं मोठं चाक १३५ मीटर उंच, पण त्याची एक फेरी अर्ध्या तासाची. ते इतकं सावकाश फिरतं की माणसं चालत्या चाकातच चढतात-उतरतात. त्यात पोटात काही होत नाही. ती उंच गच्ची आहे, फिरणारी. आपला पाळणा आठ मीटर त्रिज्येचा धरा आणि दहा सेकंदांत एक फेरी धरा. साठ किलोचा माणूस माथ्यावर असताना त्याला आपलं वजन ४१ किलोच वाटेल आणि तळाशी आला की ७९. दर पाच सेकंदांनी अंगातले अडतीस किलो जातात आणि परत येतात. पोटात गोळा येतो तो हा. उंची वाढवून हे मिळत नाही, ते वेगानं आणि लहान चाकानंच मिळतं. म्हणून गरिबाच्या पाळण्यात जी गंमत आहे ती श्रीमंताच्या चाकात नाही. ही भावनेची गोष्ट म्हणून सांगत नाही, हिशेब करून बघा.

दुसरं कारण आमच्या किनाऱ्याचं आहे आणि ते बाहेरच्याला पटकन कळत नाही. आम्ही समुद्राकाठी राहतो पण आम्हाला समुद्र दिसत नाही. वाडीत घर, घराभोवती माड, माडांखाली पोफळी, पोफळीखाली केळी. रात्रभर गाज ऐकू येते, उधाणाचा वास येतो, ओसरीवरून बघितलं तर पन्नास पावलांवर शेजाऱ्याची कुंपणाची मेर आणि संपलं. वर्षातून एकदा पाळणा आम्हाला माडाच्या शेंड्यांपर्यंत नेतो. दिवेलागणीला चढावं. पहिल्या फेरीत देवळाचा कळस आणि मैदानावरच्या माळा दिसतात. दुसऱ्या फेरीत झावळ्यांच्या वरून पश्चिमेला एक राखाडी पट्टा दिसतो, त्यावर परतणाऱ्या होड्यांचे दिवे. दक्षिणेला कोर्लईचा डोंगर काळा होऊन पडलेला. तेवढ्यात पोटात गोळा येतो आणि सगळं जातं. पुन्हा वर आलं की पुन्हा दिसतं, पण आता जरा जास्त अंधारलेलं. माझी आजी सत्तरीत पहिल्यांदा बसली. उतरल्यावर बाकी काही बोलली नाही, ‘केवढा जवळ आहे गं’ एवढंच म्हणाली. सत्तर वर्षं ती त्याच समुद्राचा आवाज ऐकत झोपली होती.

म्हणून ‘देवाच्या जत्रेत खेळ कशाला’ हे मला पटत नाही. आपल्या जत्रा कधी नुसत्या देवाच्या होत्या? तळकोकणात देवीची पालखी फिरून आली की रात्रभर दशावतार रंगतो. तो भक्ती की करमणूक, असं तिथल्या माणसाला विचारून बघा, तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. खाजं, बांगड्या, कोयते, सुकी मासळी, पाळणा, हे सगळं मिळून जत्रा. देवीची ओटी भरून झाल्यावर सासुरवाशिणीनं पाळण्यात बसायचं ही आमच्याकडे न लिहिलेली रीतच आहे.

दुसरा आक्षेप जरा शहाण्यासारखा वाटतो. फिरत्या पाळण्यांपेक्षा कायमची उद्यानं बरी, तिथे सगळं पक्कं असतं, असं म्हणतात. १९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा आमच्या शाळांच्या सहली तिकडे जायला लागल्या. बोटीतून खाडी ओलांडायची, दिवसभर राइड, रात्री घरी. ते २०२२मध्ये बंद झालं. खोपोलीजवळचं इमॅजिका आहे, छान आहे, पण घरातल्या पाच जणांना घेऊन जायचं तर महिन्याचं बजेट कोलमडतं. खर्चाचं सोडा. कायमचं म्हणजे पक्कं, हेच खरं नाही. १४ जुलै २०१९ला अहमदाबादच्या कांकरिया तलावावर झोके घेणाऱ्या राइडचा मुख्य दांडाच तुटला. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक जखमी झाले. ती राइड ट्रकवरून आलेली नव्हती, मोठ्या शहराच्या मधोमध पक्क्या जागेवर उभी होती. लोखंडाला आपण कायमचे की फिरते हे कळत नाही. त्याला फक्त गंज, भार आणि वापर कळतो.

गंज म्हटलं की कोकणाबद्दल वेगळं बोलायला हवं. घाटावरच्या जत्रेतला पाळणा आणि आमच्याकडचा पाळणा एकच असला तरी आमच्याकडे त्याचं वय दुपटीनं वाढतं. खारी हवा काय करते ते आमच्या घराच्या खिडकीच्या गजांना विचारा. वरून रंग शाबूत असतो, नखानं टोकरलं की पापुद्रा निघतो आणि खाली तांबडी भुकटी. पाळणेवाले दरवर्षी रंग मारतात, झगझगीत, निळा-पिवळा. रंगानं लोखंड वाचतं हे खरं, पण रंगानं गंज झाकतोही. सांध्याजवळची चीर, जोडातली पोकळी, पिनेचं झिजलेलं भोक, यांतलं काहीच रंगावरून दिसत नाही.

आणि जमीन. आमच्या जत्रा लागतात भातकापणीच्या पाठोपाठ. वरसोलीची कार्तिकी, मग आसपासच्या गावांच्या, मार्गशीर्षात चौल. पाळणा उभा राहतो तो मळणी झालेल्या शेतात. वरून ढेकळं वाळलेली, पाय दिला तर टणक लागतात. हातभर खाली मात्र चिखल अजून ओला असतो. किंवा मग पुळणीत, जिथे वाळूच वाळू. खांबाखाली लाकडी ठोकळे घालतात, पण किती, केवढे, हे पाळणेवाल्याच्या अंदाजावर. पहिल्या रात्री सरळ असलेला खांब तिसऱ्या रात्री दोन बोटं कललेला असतो. दिव्यांच्या माळांमुळे कुणाला दिसत नाही. मला दिसतो, कारण आता मी जत्रेत गेले की आधी खांबच बघते. घरच्यांना याचा वैताग येतो.

मग परवाने कशासाठी असतात? असतातच की. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांचा परवाना, विजेच्या जोडणीचा कागद, यंत्राच्या मजबुतीचा दाखला. भारतीय मानक ब्युरोनं मनोरंजन राइडच्या सुरक्षेचं मानकही केलेलं आहे, आयएस १५४७५. कागद कमी नाहीत. घोळ असा की हे सगळे कागद गावाचे आणि त्या चार दिवसांचे असतात. जत्रा संपली की फाइल कपाटात जाते आणि पाळणा ट्रकमधून निघून जातो. पुढच्या गावात सगळं पहिल्यापासून. या गावात पिन निसटली हे त्या गावाला कधीच कळत नाही. एका हंगामात पाळणा दहा गावं करत असेल तर दहा फायली होतात. त्या दहाही फायलींत तो नवा कोरा असतो.

त्यात वेळेचा जाच. चौलची दत्तजयंती किंवा कुणकेश्वरची महाशिवरात्र निदान पंचांगात असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग लाखोंनी माणूस लोटतो. आमच्यासारख्या लहान गावांतही पाळणा आदल्या दिवशी दुपारी येतो, रात्रभर जोडतात, सकाळी देवाची महापूजा, संध्याकाळी पहिला फेरा. या बारा तासांत कोण साहेब येऊन काय तपासणार? आला तरी खाली उभा राहून मान वर करणार. आम्ही नऊ जणांनी तेवढंही केलं नाही, ते वेगळं.

जर्मनीत फिरत्या जत्रांच्या यंत्रांना कायद्यात एक नाव आहे, फ्लीगेंडे बाउटेन. त्याचा अर्थ ‘उडती बांधकामं’. मला हे नाव फार आवडलं. इमारतीचेच नियम लावायचे, पण ही इमारत उडते हे मान्य करून. तिथे अशा प्रत्येक यंत्राची एक वही असते. यंत्र कसं बनवलंय, किती भार घेतं, केव्हा तपासलं, काय दुरुस्त केलं, सगळं तीत. यंत्र जाईल तिथे वही जाते. सखोल तपासणी ठरावीक मुदतीनं तज्ज्ञ करतो आणि ती वहीत चढते. गावच्या अधिकाऱ्याकडे उरतं एवढंच की वही बघायची, ती समोरच्याच यंत्राची आहे का ते ताडायचं आणि जोडणी नीट झाली आहे का पाहून सही करायची. नेमकं हेच आपल्याला हवं आहे. आमच्या त्या सोळा डब्यांच्या दाखल्याची तिथे पहिल्या मिनिटात विकेट पडली असती.

यावर लोक म्हणतात, हातावर पोट असलेली माणसं आहेत ती, त्यांच्यावर आणखी नियम कशाला लादता? हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो दयेच्या आवाजात बोलतो. आज त्या माणसांना दर गावात कागदासाठी हेलपाटे घालावे लागतात आणि प्रत्येक हेलपाट्यात काय काय द्यावं लागतं ते ग्रामपंचायतीत बसलेल्या माणसाला सांगायला नको. वही आली तर वर्षातून एकदा, पावसाळ्यात पाळणा खोलून पडलेला असतो तेव्हा, एकदाच तपासणी, एकदाच पैसे. आस, जोड, पिना सुटे असताना बघणं सोपंही जातं. नियम वाढत नाही, कमी होतो. आणि काही झालंच तर ‘मी वेळच्या वेळी तपासून घेतलं होतं’ हे सांगायला त्याच्या हातात काहीतरी असतं. आज काही झालं की पहिली अटक फेऱ्याचं हँडल धरणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला होते. ठरावावर सही करणाऱ्यांना कुणी विचारत नाही. मला तरी विचारलं नाही.

व्हिएन्नाच्या जुन्या चाकाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ते १८९७चं, म्हणजे फेरिसच्या चाकानंतर चारच वर्षांचं. दुसऱ्या महायुद्धात १९४४मध्ये ते जळालं. पुन्हा उभं करताना तीस डब्यांच्या जागी पंधराच लावले. निम्मं उत्पन्न गेलं म्हणून कुणी ओरडलं असेलही. पण फेरिसचं चाक केव्हाच भंगारात गेलं आणि व्हिएन्नाचं अजून फिरतंय. आपल्याकडे कुठल्या पाळण्याचे डबे कुणी कधी कमी करायला लावलेत?

गेल्या वर्षी जत्रेच्या तिसऱ्या दुपारी, गर्दी नसताना, मी पाळणेवाल्यांच्या राहुटीत गेले. हा पाळणा वेगळा, मालक वेगळा. पन्नाशीचा गृहस्थ स्टोव्हवर चहा करत होता. मी ग्रामपंचायतीची म्हणून आधी सावध झाला, मग म्हणाला, ‘बसा ताई.’ मी विचारलं, भरताना तुमची पोरं एक डबा इकडचा, एक समोरचा अशीच माणसं का बसवतात? तो हसला. म्हणाला, ‘एका अंगानं भरला तर चाक आपल्या मनानं पळतं, ब्रेकला ऐकत नाही. नवीन पोराला पहिल्या महिन्यात मी हँडल देत नाही. आधी नुसता भरायला लावतो. माणसाकडे बघून वजन कळलं पाहिजे.’ मग मी पिनांचं विचारलं. तो उठला, ट्रंकेतून एक दोनशे पानी वही काढली. पोरांच्या शाळेची असते तसली, कव्हरवर पेनानं काढलेला गणपती. आत तारखा. कुठल्या गावी जोडला, किती माणसं लागली, बेअरिंगला ग्रीस कधी, चार नंबरच्या डब्याची पिन बदलली, वायर बदलली, खांबाखाली दोन ठोकळे वाढवले. अक्षर गिचमिड, पण ओळ एकही चुकलेली नाही. अकरा वर्षांच्या तीन वह्या.

मी विचारलं, ‘हे कुणी लिहायला सांगितलं?’

‘कुणी नाही. वडील लिहायचे.’

‘कुठल्या साहेबानं कधी बघायला मागितल्या?’

तो चहा गाळत होता. म्हणाला, ‘तुम्हीच पहिल्या.’

म्हणजे जी वही असायला हवी म्हणून मी दोन वर्षं डोकं फोडत होते ती निदान एका ट्रंकेत आधीच आहे. तिच्यावर सही करणारं कुणी नाही, एवढंच. चांगला पाळणेवाला आणि निष्काळजी पाळणेवाला आमच्या ठरावाला एकसारखेच दिसतात, आणि यात चांगल्याचंच नुकसान आहे. त्यानं बदललेल्या पिनेचे पैसे त्याच्या खिशातून जातात. शेजारचा न बदलता कमी भाड्यात जागा उचलतो आणि जत्रा कमिटी साहजिकच कमी कटकटीच्या माणसाला बोलावते.

मी आता सदस्य नाही. या वेळच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज दिला आहे. त्यात तीनच ओळी आहेत. ज्या पाळण्याची सलग तीन वर्षांची देखभालीची वही नाही त्याला ना हरकत देऊ नये. दाखल्यावरचे डबे आणि मैदानावरचे डबे दोन सदस्यांनी समक्ष मोजून ठरावाला जोडावेत. आणि पाळण्यात काही बिघाड झाला तर तो त्याच वहीत, गावाच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावा, म्हणजे पुढच्या गावाला कळेल. जिल्ह्यानं, राज्यानं करायचं ते केव्हा करतील तेव्हा करतील, एवढं करायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. तिसऱ्या ओळीवर कुरकुर होणार हे मला ठाऊक आहे. आपल्या जत्रेत बिघाड झाला असं आपल्याच शिक्क्यानं कोण लिहून देणार, असं एकानं आत्ताच ऐकवलंय.

अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे. शिक्का जरा फिकट उठलाय, पण तारीख वाचता येते.